विसरण्यापुरतं वळण

मार्च महिन्यात माझ्या दुकानात जो येतो त्याच्या हातात गंजकी नळी असते आणि तोंडात शिवी. आमच्याकडे सहा महिने बर्फ पडतो आणि तेच सहा महिने तो वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. ते मीठ गाडीच्या पोटाखाली जाऊन बसतं आणि ब्रेकच्या नळ्या खातं. गाडी वरून कितीही चकचकीत ठेवा, खाली तिचं काय चाललंय ते नळी फुटल्यावरच कळतं. मी बावीस वर्षं पेनरोज गावात गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरमागे उभा आहे. कुणाच्या घरी काय फुटलं ते मला पाद्र्याच्या आधी समजतं.

तायमी रुओनावारा आली ती गुरुवारी दुपारी. हातात नळी होती, पण शिवी नव्हती. चौसष्ट वर्षांची बुटकी बाई, डोक्यावर नवऱ्याची लोकरीची टोपी, गुडघ्यापर्यंत ओली पँट. नळीचा तुकडा तिने वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता. तो काउंटरवर ठेवून ती म्हणाली, "वेन, हिच्यासारखी नळी दे."

तायमी टपाल वाटते. आमच्या भागात खेड्यावरचं टपाल वाटणाऱ्याने स्वतःची गाडी आणायची असते. लोकांच्या पेट्या रस्त्याच्या उजव्या कडेला आणि गाडीचं स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे ही माणसं उजव्या सीटवर बसतात आणि डावा हात, डावा पाय ताणून गाडी हाकतात. तायमीने पहिली तीन वर्षं तसंच केलं आणि तिची कंबर धरली. मग तिच्या नवऱ्याने, एस्कोने, एका हिवाळ्यात तिच्या जुन्या निळ्या वॅगनला उजवीकडे दुसरं स्टिअरिंग आणि दुसरी पेडलं बसवून दिली. त्यांना जागा करायला त्याने ब्रेकची नळी मूळ वाटेवरून उचलली आणि आपल्याला हवी तिथून नेली. सोळा वर्षं ती गाडी तीनशे शहाऐंशी पेट्यांसमोर रोज थांबली. म्हणजे दिवसाला तीनशे शहाऐंशी वेळा ब्रेक. हिशोब तुम्हीच करा, मला भोवळ येते.

त्या गुरुवारी सकाळी खाणीच्या उतारावर पेडल मऊ लागलं आणि मग तळाला गेलं. तायमीने गाडीचं नाक सरळ कडेच्या बर्फाच्या ढिगात घातलं. बाईला खरचटलंसुद्धा नाही. उलट तिथूनच हात लांब करून तिने जवळच्या पेटीत वीजबिल टाकलं आणि मग टोइंगवाल्याला फोन केला.

मी तुकडा उलटसुलट करून पाहिला. बोटाने दाबला तर चुरा झाला. मी म्हटलं, ही नळी कुठल्याच यादीत मिळायची नाही, कारण ही गाडीच्या कंपनीने केलेलीच नाही, तुझ्या नवऱ्याने केली आहे. गॅरेजवाल्याकडे गेलीस का? ती म्हणाली, गेले होते. त्याने गाडीखाली वाकून पाहिलं, एस्कोची ती जोडणी बघून डोक्याला हात लावला आणि सांगितलं की दोन आठवडे तरी वेळ नाही, आणि असता तरी हे झेंगट मी हातात घेतलं नसतं.

दोन आठवडे तिच्याकडे नव्हते. पोस्टमास्तर डोरीनने सोमवारी सकाळी साडेसातची वेळ दिली होती. तोपर्यंत थांबणारी गाडी दाखव, नाहीतर फेरी शेजारच्या गावच्या बदली माणसाला कायमची द्यावी लागेल. तो नवी कोरी गाडी घेऊन वर्षभर वाट पाहत बसला होता. डोरीन वाईट नाही. एकोणीस वर्षं ती तायमीच्या हातचा वेलची घातलेला नीसू पाव खात आली आहे. फेरीचं सांगताना डोरीनचेच डोळे भरून आले, असं तायमी म्हणाली. पण फेरी एकदा हातची गेली की परत येत नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं.

"मला ती फेरी हवी आहे, वेन," तायमी म्हणाली. "मला ती आवडते. सकाळी घरातून निघावं, लोकांनी वाट पाहावी, हे मला आवडतं. आता तर जास्तच."

'आता' म्हणजे काय ते मला सांगायची गरज नव्हती.

एस्कोने सत्तावीस वर्षं शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या. निवृत्त झाल्यावर माणसं मासे मारतात. हा नोकरीत असल्यापासून संध्याकाळी वळायचा तशा घरामागच्या गॅरेजात दिवसभर नळ्या वळत बसे. साऱ्या गावाच्या नळ्या. कुणाची फुटली की त्याने गाडीखाली झोपायचं, कपडे टांगायच्या हँगरची तार नळीच्या वाटेने वळवून तिचा साचा काढायचा, मग त्या तारेबरहुकूम नळी. नळीच्या दोन्ही टोकांना नट असतो, आणि नट निसटू नये म्हणून टोकाचं तोंड बाहेर फुलवून आत दुमडतात. एस्कोने दुमडलेलं तोंड मी भिंग लावून पाहिलंय. चीर नाही, ओरखडा नाही.

आता या कामात एक गोष्ट अशी आहे की तिच्यापायी शहाण्या माणसाचाही गाढव होतो. तोंड फुलवायच्या आधी नट नळीत ओवून घ्यायचा असतो. तोंड एकदा फुललं की नट आत जात नाही. इतकं सोपं. आणि ज्याने ज्याने म्हणून नळी केली आहे तो हे विसरला आहे, कारण त्या वेळी सगळं लक्ष तोंडाकडे असतं. सुंदर तोंड जमतं, माणूस खुशीत येतो, आणि नट टेबलावर बसून त्याच्याकडे पाहत असतो. एस्कोही विसरायचा. प्रत्येक वेळी तो ती वाया गेलेली नळी भिंतीवर खिळा ठोकून टांगून ठेवी. त्याच्या गॅरेजात अशा अकरा नळ्या लटकत होत्या आणि त्या तो येणाऱ्याजाणाऱ्याला स्वतः दाखवी.

नळी बसली की ब्रेकमधली हवा काढावी लागते, आणि त्याला दोन माणसं लागतात. एक गाडीखाली, एक पेडलवर. तीस वर्षं पेडलवर तायमी होती. खालून तो ओरडायचा, "दाब." मग, "धर." ती वरून म्हणायची, "धरलंय." तो खाली स्क्रू सैल करायचा, तेल आणि हवेचे बुडबुडे बरणीत यायचे, स्क्रू आवळून तो म्हणायचा, "सोड." मध्येच पाय उचलला तर हवा परत आत. दर वेळी थोडी हवा राहायचीच, आणि दर वेळी एस्को म्हणायचा की तू आधी सोडलंस, आणि ती म्हणायची की मी सोडलं नाही. आमच्या गल्लीत हे भांडण सगळ्यांना पाठ होतं.

दोन वर्षांपूर्वी त्याचे हात थरथरू लागले. गोळ्या सुरू झाल्या, थरथर काही थांबली नाही. गेल्या ऑक्टोबरात तो एक नट आट्यांवर चढवायला बसला आणि पाऊण तास त्याला ते जमलं नाही. मग त्याने सगळी अवजारं पुसली, गॅरेजला कुलूप लावलं आणि किल्ली स्वयंपाकघरात कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकली. त्यानंतर तो तिकडे फिरकला नाही. बोलणंही आटलं. दर शनिवारी मी त्यांच्याकडे सौनाला जातो, वाफेच्या त्या लाकडी खोलीत आम्ही दोघं बाकावर बसतो. पूर्वी तो मला बोलू द्यायचा नाही. आता मी माशांबद्दल बोलत होतो आणि तो दगडांवर पाणी ओतत होता.

"मग करणार कोण?" मी तायमीला विचारलं.

"मी."

"तुला येतं?"

"तीस वर्षं बघितलंय."

आणि इथे माझं तोंड सुटलं. माझं तोंड असंच आहे, माझ्या दोन्ही बायका त्याच कारणाने गेल्या. मी म्हणालो, "तीस वर्षं तू पेडल दाबलंस, तायमी. पेडलवर बसून नळी दिसत नाही."

तिने माझ्यामागच्या फळीकडे पाहिलं. फळीवर तांबं-निकेलच्या मऊ नळीची एकच अर्धवट गुंडाळी उरली होती, सोळा फुटांची, कारण मार्चमध्ये ती टिकत नाही. तिने बोट दाखवलं, मी ती काढून दिली, मुठीत मावतील तेवढे नट दिले. पिशवी घेऊन ती गेली. दार तिने आपटलं असतं तर बरं झालं असतं. तिने ते हलकेच लावलं.

शुक्रवारचं जे सांगतो ते तिच्याकडून ऐकलेलं. सकाळी एस्को टेबलाशी कॉफी पीत होता. तिने त्याच्यासमोरच डबा उघडला आणि किल्ली काढली. त्याने पाहिलं, आणि कपातली कॉफी संपेपर्यंत तो कपातच बघत राहिला. तिला वाटलं होतं तो निदान नको तरी म्हणेल.

मग ती जुनी घोंगडी अंथरून गाडीखाली गेली. जुनी नळी अखंड निघण्याच्या पलीकडे गेली होती, हात लावला की तुकडा पडायचा. म्हणून तिने तीन हँगर सरळ केले, जोडले आणि ती तार जागच्या जागी, नळीला टेकवून वळवत नेली. एस्को हे तासाभरात करायचा. तिला दुपार लागली. एका जागेने तर तिचा जीव खाल्ला. मागच्या चाकाच्या अलीकडे नळी सरळ जायला काहीच आडकाठी नव्हती, पण तिथे एस्कोने तिला पोट दिलं होतं: खाली उतरवून, गोल फिरवून, परत वर. कशासाठी ते देव जाणे. तिथे हात पुरत नव्हता, मान दुखत होती, आणि गंजाचा भुगा डोळ्यांत पडत होता. ते पोट सोडून सरळ जावं असं तिला दहादा वाटलं. पण एस्को उगाच काही करत नाही, हे एक तिने लग्नापासून धरून ठेवलं होतं. तिने एस्कोच्या नावाने बोटं मोडली आणि पोट तसंच्या तसं उतरवलं.

संध्याकाळी ती तोंडं फुलवायला बसली. नळीचे वीतभर तुकडे कापायचे, कानशीने कड साफ करायची, लोखंडी पट्टीत आवळायचं, वरून स्क्रू फिरवत दाबायचं. पहिलं तोंड फाटलं. दुसरं एका बाजूला कललं. तिसरं बरं दिसलं, पण नखाला चीर लागली. एक पट्टीतून सटकून टेबलाखाली गेलं, ते अजून सापडलेलं नाही. दहावं जमलं. तिने अकरावं करून पाहिलं, तेही जमलं. मग ती घरात गेली, हात धुतले आणि एस्कोशेजारी बसून बातम्या पाहिल्या. तो काही विचारेल म्हणून ती थांबली. त्याने आवाज थोडा मोठा केला, एवढंच.

शनिवारी तीन वाजता मी गेलो. सौनाची वेळ पाचची. पण गुरुवारपासून मला अन्न गोड लागत नव्हतं. मी धुरावलेला मासा कागदात बांधून नेला आणि माफी मागायची म्हणून दोन वाक्यं गाडीत पाठ केली. गॅरेजचं दार उघडं होतं. तायमी टेबलाशी उभी होती आणि टेबलावर ती नळी होती.

मी माझी वाक्यं विसरलो. पावणेसहा फूट लांब, नऊ वळणं, कुठे चेपलेली नाही, कुठे पिळलेली नाही, आणि शेजारी ठेवलेल्या तारेशी तंतोतंत. ते पोटही तसंच. मी वाकून पुढचं तोंड पाहिलं, मागचं तोंड पाहिलं. बोट फिरवलं. मी आयुष्यात हजारो नळ्या विकल्या आहेत, मला चांगलं काम कळतं.

"तायमी," मी म्हणालो, "पेडलवरून दिसतं वाटतं."

"मासा तिथे ठेव," ती म्हणाली. पण ती हसली, म्हणजे मिटलं.

तेवढ्यात एस्को बाहेरून गेला. सौनासाठी लाकडं नेत होता. त्याच्या हातातून दर दहा पावलांना एक ओंडका पडायचा आणि तो थांबून उचलायचा. मदत केलेली त्याला चालत नसे. खिडकीसमोर एक ओंडका पडला. तो उचलायला वाकला, उठला आणि काचेतून आत पाहत राहिला. तायमीने नळी दोन्ही हातांनी उचलून त्याला दिसेल अशी धरली. इतका आनंद मी तिच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता.

एस्कोने नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग टेबलाकडे पाहिलं. आणि मग तो हसायला लागला. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, उरलेली सगळी लाकडं हातातून गेली आणि तो खिडकीच्या चौकटीला धरून हसत राहिला. ऑक्टोबरपासून हा आवाज आम्ही ऐकला नव्हता. तायमीला आधी वाटलं की तो खूश झाला.

मी टेबलाकडे वळलो. पुढच्या टोकाला नट होता. मागच्या टोकाचा नट कॉफीच्या कपाजवळ बसला होता.

मला दिसायला हवं होतं. बावीस वर्षं नट विकतोय, तोंडावर बोट फिरवून आलो, आणि मलाही दिसलं नाही. तायमीने नळी खाली ठेवली, उलट्या बादलीवर बसली आणि म्हणाली, "संपलं." गुंडाळीचं काय उरलं होतं ते तिने मला दाखवलं: हातभर. माझ्या दुकानात दुसरी नव्हती, माल मंगळवारी यायचा होता. तोंड कापून नट घालावा आणि पुन्हा फुलवावं, तर दोन इंच नळी जाणार, आणि ब्रेकच्या नळीत दोन इंच म्हणजे ती पोचतच नाही. तिने चेहरा ओंजळीत घेतला. मला माझा मासा घेऊन घरी जावंसं वाटलं.

दारात सावली पडली. एस्को आत आला. तो गॅरेजात पाऊल टाकतोय याचं भान आम्हा दोघांना नंतर आलं, त्याला मात्र आलं असावं, कारण तो उंबऱ्यावर क्षणभर थांबला होता.

"काप," तो म्हणाला.

"दोन इंच कमी पडेल, एस्को."

"काप म्हणतो ना. आणि नट घाल आधी." पुन्हा त्याला हसू फुटलं. तिने रागाने वर पाहिलं तसं त्याने ते आवरलं. मग थरथरणारं बोट त्याने नळीच्या त्या पोटावर नेलं. "हे कशाला आहे, असं वाटलं तुला?"

"मला काय माहीत? तू केलंस म्हणून मी केलं. मान मोडली माझी त्याच्यापायी."

"अकरा वेळा विसरलो मी," एस्को म्हणाला. "अकराव्यानंतर ठरवलं की आपण सुधारणारे नाही. तेव्हापासून प्रत्येक नळीत एवढं ठेवतो. विसरण्यापुरतं वळण. कापावं लागलं तर हे थोडं उघडायचं, नळी पुरते."

मी खाली बसलो. गावातल्या किमान तीस गाड्यांखाली मी एस्कोचं ते पोट पाहिलं होतं, आणि गिऱ्हाइकांना समजावून सांगत आलो होतो की ते गाडीच्या हादऱ्यांसाठी असतं. मोठ्या अधिकाराने सांगत होतो. हे मी त्या दोघांना कबूलही केलं.

तायमीने कापलं. नट ओवला आणि दोनदा हात लावून खात्री केली. एस्को म्हणाला, उलटा नाही ना घातलास? तिने तिसऱ्यांदा पाहिलं. तोंड फुलवताना तो तिच्या खांद्यामागे उभा होता, हात कोटाच्या खिशात कोंबलेले, आणि तोंडाने एकेक सांगत होता: थांब, अर्धा फेर अजून, आता सोड, आता स्क्रूखालची टोपी काढ. तोंड जमलं. मग तिने पोटाचं वळण दोन्ही अंगठ्यांनी जरासं उघडलं, नळी तारेवर ठेवली आणि ती टोकाला टोक भिडली. आम्ही त्या दिवशी सौनाला सहा वाजता बसलो आणि एस्कोने मला एकही वाक्य पुरं करू दिलं नाही.

रविवारी दुपारी नळी बसवली. हवा काढायला पेडलवर मी बसतो असं मी आधीच सांगून ठेवलं होतं, गुरुवारच्या बोलण्याची तेवढी भरपाई. पोचलो तर उजव्या सीटवर एस्को बसलेला, मांडीवर तायमीचा टपालाचा ट्रे. त्याने मला वाटेतून बाजूला हो अशी खूण केली. त्याच्या हातांना काय झालं असेल ते असो, पायाला काही झालेलं नव्हतं. तायमी बरणी घेऊन गाडीखाली शिरली आणि खालून तिचा आवाज आला.

"दाब."

त्याने दाबलं.

"धर."

"धरलंय."

तिने स्क्रू सोडला, बरणीत बुडबुडे आले. मी कडेला उभा राहून दोघांकडे पाहत होतो. चौथ्या वेळी बुडबुडे थांबत आले आणि नेमकं तेव्हा बरणीतलं तेल सुर्रकन मागे गेलं.

"तू सोडलंस," तायमी खालून म्हणाली.

"नाही सोडलं."

"एस्को, मी खाली आहे. मला दिसतंय."

एस्कोने मांडीवरचा ट्रे सरळ केला. मग तो म्हणाला, "ट्रे घसरत होता. जरासाच सोडला." आणि मग हळू आवाजात, "तायमी, त्या सगळ्या वेळी तू सोडत नव्हतीस. माझाच स्क्रू सैल असायचा. मला ठाऊक होतं."

गाडीखाली पाना जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं आता तीस वर्षांचं सगळं बाहेर पडतंय. पण ती एवढंच म्हणाली, "दाब." त्याने दाबलं. पुढच्या खेपेला बरणीत नुसतं स्वच्छ तेल आलं.

सोमवारी सकाळी मी दुकानाच्या दारावर 'परत येतो' ची पाटी लावून खाणीच्या उताराखाली जाऊन उभा राहिलो. डोरीन तिथेच उभी होती, हातात कॉफी, ज्या पेटीत गुरुवारी वीजबिल पडलं त्या पेटीजवळ. वॅगन वरून दिसली. उतारावर बर्फ वितळून पुन्हा गोठलेला होता, आणि ती जरा वेगातच येत होती असं मला वाटलं. तायमीच्या शेजारी डाव्या सीटवर एस्को. माझे हात कोटाच्या खिशात मुठी वळून बसले होते. गाडी हळू झाली, अजून हळू झाली, आणि खिडकी पेटीच्या तोंडासमोर येऊन उभी राहिली, इंचभरही पुढे नाही. तायमीने हात बाहेर काढून ट्रेमध्ये राहून गेलेलं एक जाहिरातीचं पत्रक पेटीत टाकलं.

डोरीनने सहज म्हणून गाडीखाली वाकून पाहिलं. नवी नळी तिथे लालसर चमकत होती. तिने विचारलं, ते पोट कशासाठी आहे? एस्कोने तोंड उघडलं, पण तायमी आधी म्हणाली, "हादऱ्यांसाठी." आणि माझ्याकडे पाहिलं.

"साडेसात वाजून गेले," डोरीन म्हणाली. "तुझं टपाल माझ्या ऑफिसात पडलंय. जाणार आहेस की नाही?"

तायमीने एस्कोला घराच्या फाट्यावर उतरवलं आणि ती गेली. तीनशे शहाऐंशी पेट्या. मी दुपारी दोनला जेवणाची सुट्टी काढून त्यांच्या घरी गेलो, खरं सांगायचं तर निमित्त काहीच नव्हतं. गॅरेजचं दार उघडं होतं आणि दोघं आत भिंतीसमोर उभी होती. तायमीने टपालाचं जाकीटही काढलं नव्हतं. तायमीने शनिवारी कापलेला तो दोन इंचाचा तुकडा, ते फुललेलं सुंदर तोंड, एस्कोने जपून ठेवला होता आणि तो त्याला बाराव्या जागी हवा होता. त्याचं म्हणणं होतं की या भिंतीवर इतकं चांगलं तोंड आजवर लागलेलं नाही.

तुकडा टांगायला खिळा हवा. खिळा तायमीने चिमटीत धरून भिंतीला लावला. हातोडी एस्कोने उचलली. ती त्याच्या हातात वर गेली आणि वरच थरथरत राहिली, आणि तिच्याखाली तायमीची दोन बोटं. मी पुढे झालो. म्हणणार होतो की दे, मी ठोकतो. तायमीने मान न वळवता दुसऱ्या हाताने मला मागे सारलं.

"धरलंस?" एस्कोने विचारलं.

"धरलंय."

मी डोळे मिटून घेतले. पहिला घाव भिंतीवर बसल्याचा आवाज आला. ती हलली नाही, एवढं मला तिच्या बुटांच्या आवाजावरून कळलं, म्हणजे आवाज आलाच नाही. दुसरा घाव खिळ्यावर बसला.